ज्या आगीचा विमा उतरत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी परिसरात तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका श्रावक कुटुंबात २०२५ च्या चातुर्मासात एक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता तो लहानसा होता. घरातील दादाजी समाजाच्या भवनाचे ज्येष्ठ विश्वस्त. त्यांची नात शहरातीलच एका वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला. तिला आणि तिच्या आठ-दहा सहाध्यायांना ६ ऑगस्ट रोजी दोन तासांसाठी भवनाचे सभागृह हवे होते. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्या घटनेला त्या दिवशी ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. अर्जात विषय लिहिला होता, ‘अण्वस्त्रे आणि वैद्यकशास्त्र’.

भवनात रक्तदान शिबिरे होतात, नेत्रतपासणी होते, मधुमेहावर व्याख्याने होतात. डॉक्टरांना जागा देण्यात नवे काही नव्हते. तरीही दादाजींनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“बेटा, रक्तदान, नेत्रदान इथपर्यंत ठीक आहे. अणुबॉम्ब हा सरकारचा आणि सैन्याचा विषय. त्यात डॉक्टरांचे काय काम?”

त्यांचा संकोच निराधार नव्हता. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांची बातमी आली तेव्हा याच दादाजींनी दुकानात पेढे वाटले होते, आणि त्याचा त्यांना आजही पश्चात्ताप नव्हता. २०२५ च्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस सर्वांच्या ताज्या स्मरणात होते. अशा वेळी शांततेची भाषा बोलणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, याची त्यांना जाण होती. संस्था चालवणाऱ्याने ती वादापासून दूर ठेवावी, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता.

नातीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दादाजी देवदर्शन करून परतले तेव्हा त्यांच्या गादीवर एक दोनशे पानी वही ठेवलेली होती. महिनाभर वाचून तिने केलेली ती टिपणे होती. दादाजींना हिशेबाची वही वाचण्याची सवय; ती वहीही त्यांनी तशीच, ओळीवर बोट ठेवून वाचली.

पहिले पान हिरोशिमाचे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता तो बॉम्ब जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला, आणि तोही जवळजवळ नेमका एका रुग्णालयाच्या माथ्यावर. डॉ. काओरू शिमा यांचे ते खासगी रुग्णालय. डॉक्टर त्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी परगावी गेले होते, म्हणून वाचले. त्यांचे रुग्ण, परिचारिका, कर्मचारी यांच्यापैकी त्या वेळी तेथे असलेले कोणीही उरले नाही. शहरातील दहापैकी नऊहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मृत्यू पावल्या किंवा जखमी झाल्या. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी यांनी १९४६ साली लिहून ठेवले, की सहाशे खाटांच्या रेडक्रॉस रुग्णालयाकडे सुमारे दहा हजार जखमी आले, आणि तेथे धडधाकट उरलेले डॉक्टर एकच होते, तेरुफुमी सासाकी. त्यांचा चष्मा स्फोटात गेला होता. एका जखमी परिचारिकेचा चष्मा लावून ते मलमपट्टी करत राहिले.

पुढे लिहिले होते, की ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता अशी माणसे काही दिवसांनी ताप, रक्तस्राव आणि केस गळण्याने आजारी पडू लागली, आणि त्या आजाराचे नावही तेथील डॉक्टरांना ठाऊक नव्हते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे स्विस डॉक्टर मार्सेल जुनो औषधांचा मोठा साठा घेऊन हिरोशिमाला पोहोचले ते ८ सप्टेंबरला, म्हणजे महिन्याहून अधिक काळ लोटल्यावर. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मृतांची संख्या सुमारे एक लाख चाळीस हजारांवर गेली.

त्याखाली नातीने स्वतःच एक हिशेब मांडला होता. समजा, असा प्रसंग एखाद्या शहरावर आला आणि एका वाचलेल्या डॉक्टरामागे एक हजार जखमी आले. प्रत्येकाला केवळ दहा मिनिटे दिली आणि डॉक्टर रोज वीस तास उभा राहिला, तरी सर्वांना एकदा पाहून होण्यास आठ दिवसांहून अधिक काळ लागेल. भाजलेला माणूस आठ दिवस थांबू शकत नाही. शिवाय त्याला रक्त, सलाईन, निर्जंतुक पट्ट्या, वीज आणि पाणी लागते, आणि यांपैकी काहीच शिल्लक असणार नाही. हिशेबाच्या शेवटी तिने रेघ ओढून लिहिले होते, ‘यावर उपचार नाही.’

दादाजींनी तो हिशेब पेन्सिलने ताडून पाहिला. तो बरोबर होता.

त्यापुढची पाने त्यांच्या प्रश्नाचे, डॉक्टरांचे काय काम या प्रश्नाचे, उत्तर देणारी होती. ज्या रोगावर उपचार नाही, तो होऊच नये यासाठी झटणे हे डॉक्टरांचेच काम असते. देवीचा रोग जगातून गेला तो उपचारांनी नव्हे, लसीने. याच तर्काने अमेरिकेचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. येवगेनी चाझोव्ह यांनी १९८० साली अणुयुद्ध प्रतिबंधासाठी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. दोघांची राष्ट्रे तेव्हा एकमेकांवर हजारो अण्वस्त्रे रोखून बसली होती. अणुयुद्ध जिंकता येते, त्यात वाचता येते, असे काही राजकारणी सांगत असताना, जखमींवर उपचार करायला कोणी उरणार नाही, एवढे साधे वैद्यकीय सत्य या डॉक्टरांनी दोन्ही देशांतील सामान्य माणसांपर्यंत पोहोचवले. १९८५ साली या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकासाठी दोघे ओस्लोला गेले असता पत्रकार परिषदेतच एका सोव्हिएत पत्रकाराचे हृदय बंद पडले, आणि लाऊन व चाझोव्ह यांनी व्यासपीठ सोडून त्याच्या छातीवर दाब देत त्याला वाचवण्याची शर्थ केली. तो पत्रकार वाचला. समोर पडलेल्या माणसाचे राष्ट्र कोणते, हे त्या क्षणी कोणी विचारले नाही.

आणखी एक पान दुधाच्या दातांचे होते, आणि ते वाचताना घरातील स्त्रियाही जवळ येऊन बसल्या. १९५० च्या दशकात महासत्ता उघड्या हवेत अणुचाचण्या करत. त्यांतून उडणारे स्ट्रॉन्शियम ९० हे किरणोत्सर्गी द्रव्य गवतावर पडे, गाईच्या दुधात उतरे आणि कॅल्शियमसारखे असल्याने मुलांच्या हाडांत व दातांत साठे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५८ साली डॉ. लुईझ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवण्यास सुरुवात केली. पालकांनी पाठवलेल्या दातांची संख्या पुढे तीन लाखांच्या आसपास गेली. चाचण्या वाढल्या तसे दातांतील ते द्रव्यही वाढले, हे तपासणीत दिसले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला, त्यामागील लोकमतात या दातांचाही वाटा होता. अशा चाचण्या थांबवाव्यात, ही मागणी पंडित नेहरूंनी १९५४ सालीच केली होती.

वहीत महाराष्ट्रही होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली नागपूरच्या डॉ. चोळकरांसह पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. त्यांच्या काळी डॉक्टर युद्धाच्या मागोमाग जाऊन माणसे वाचवू शकत होता. अणुयुद्धानंतर जाण्यासारखे काही उरणार नाही, म्हणून आजच्या डॉक्टरने युद्धाच्या आधीच गेले पाहिजे, असे नातीने तेथे लिहिले होते. पोखरणनंतर वर्षभराने, १९९९ मध्ये, याच आंतरराष्ट्रीय संघटनेने भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईवर हिरोशिमाएवढ्या क्षमतेचा एकच बॉम्ब पडला तर काय होईल, याचे त्यात गणित आहे. तात्काळ मृत्यूंचा अंदाज सुमारे दीड लाखांपासून साडेआठ लाखांपर्यंत जातो. मशीद बंदर, काळबादेवी, झवेरी बाजार येथे संभाजीनगरच्या कोणत्या व्यापाऱ्याचे आप्त नाहीत?

युद्धापासून दूर राहणाऱ्यांचीही सुटका नाही. डॉक्टरांच्या याच संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारत-पाकिस्तानमध्ये हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब वापरले गेले, तर जळणाऱ्या शहरांची काजळी आकाशात चढून सूर्यप्रकाश अडवील, पाऊस व पिके घटतील आणि जगातील दोनशे कोटी माणसांपुढे उपासमारीचे संकट उभे राहील. मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. एका वर्षी पाऊस रुसला तर मोंढ्यात काय होते, हे येथील धान्य व्यापाऱ्याला कोणत्याही अहवालाविना समजते.

रविवारी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर दादाजींनी वही समोर घेतली आणि मनातली खरी शंका मांडली.

“तू लिहिलेस ते सारे मान्य. पण शास्त्राने हिंसेचे चार भेद सांगितले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला, विरोधीचा सर्वथा नाही. भामाशाहांनी महाराणा प्रतापांना आपले धन दिले, ते कशासाठी? देश राखण्यासाठीच ना? आपला बॉम्ब देश राखतो.”

“दादाजी, भामाशाहांच्या धनावर उभा राहिलेला सैनिक समोरच्या सैनिकाशी लढला. वार करणारा कोण आणि पाळण्यातले मूल कोण, हे त्याच्या तलवारीला कळत होते, म्हणजे तलवार धरणाऱ्याला कळत होते. या शस्त्राला ते कळूच शकत नाही. हे रुग्णालयावर पडते, गोशाळेवर पडते, अजून जन्माला न आलेल्यांवरही पडते. तुम्हीच सांगता ना, विवेक सुटला की विरोधी हिंसाही संकल्पी होते?”

दादाजी थोडा वेळ थांबले. “आणि आपण टाकला, शेजाऱ्याने ठेवला तर?”

“त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही,” नात म्हणाली. “एकट्या भारताने टाकावा, असे आम्ही म्हणतही नाही. सगळ्यांनी मिळून, एकमेकांची तपासणी करत टाकावीत, असे म्हणतो.”

ही मागणी भारताला परकी नाही. जून १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात टप्प्याटप्प्याने संपूर्ण अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा मांडला होता. अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, हे धोरण भारताने २००३ साली अधिकृतपणे जाहीर केले. ७ जुलै २०१७ रोजी अण्वस्त्रांवर बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रसंघात १२२ मतांनी संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. भारतासह नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी एकही त्यात सामील नाही, आणि जगातील अण्वस्त्रांची संख्या आजही बारा हजारांवर आहे. तरीही लाऊन आणि चाझोव्ह या दोघांनाही तो करार लागू झालेला पाहता आला. दोघांचेही निधन त्याच २०२१ साली झाले. या कराराचा पाठपुरावा करणाऱ्या ज्या मोहिमेला २०१७ चे नोबेल मिळाले, तिची सुरुवात डॉक्टरांच्या याच संघटनेतून झाली होती. भारतातील तिची शाखा, इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट, हिच्या यजमानपदाखाली २००८ मध्ये नवी दिल्लीत जागतिक अधिवेशनही भरले होते. अण्वस्त्रधारी देशांतील तरुणांशी, भारत आणि पाकिस्तानातीलही, बोलण्याचा उपक्रम वैद्यकीय विद्यार्थ्यांनी चालवला. त्यात घोषणा नव्हत्या; समवयस्कांना त्यांचे मत विचारायचे, ऐकून घ्यायचे आणि मग आपली माहिती पुढे ठेवायची, एवढीच रीत होती.

हे ऐकून दादाजी म्हणाले, “मग तुझ्या वहीत एक पान राहिले.”

आणि त्यांनी नातीला आपल्या शाळकरी वयात ऐकलेली गोष्ट सांगितली. राजस्थानातील श्रीडूंगरगढचे सतीश कुमार. वयाच्या नवव्या वर्षी तेरापंथात मुनिदीक्षा, अठराव्या वर्षी तिचा त्याग आणि पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत प्रवेश. नव्वदीच्या उंबरठ्यावरील बर्ट्रांड रसेल अण्वस्त्रांविरुद्ध तुरुंगात गेल्याचे वाचून ते आणि त्यांचे मित्र ई. पी. मेनन १९६२ साली दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. पैसे न घेता जा, असा विनोबांचा सल्ला होता. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन, चारही अण्वस्त्रधारी राजधान्या गाठायच्या. सीमा ओलांडून पाकिस्तानात पाऊल टाकले तेव्हाही त्यांच्याजवळ ना पैसा होता ना शिदोरी. जेवू घातले ते तेथील माणसांनी. वाटेत जॉर्जियातील चहाच्या कारखान्यातील एका स्त्रीने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राष्ट्रप्रमुखांसाठी. बटण दाबण्याची इच्छा झालीच, तर आधी थांबून एक पेला चहा घ्यावा, एवढाच तिचा निरोप होता.

“मुनींचा विहार तू पाहतेस. तोही तसाच चालला,” दादाजी म्हणाले. “आम्ही तेव्हा त्याला वेडा म्हणत होतो.”

परवानगीचा निर्णय मात्र दुसऱ्याच एका कागदाने झाला. त्याच आठवड्यात दुकानाच्या विम्याचे नूतनीकरण आले. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी मालाचा आगीचा विमा अनिवार्य असतो; दरवर्षी हप्ता भरायचा आणि पॉलिसी फाइलला लावायची, ती वाचायची कोणी? या वेळी दादाजींनी नातीकडून बारीक अक्षरातील कलमे वाचून घेतली. आग, वीज, स्फोट, दंगल, पूर, सारे संरक्षित. मग वगळलेल्या जोखमींची यादी आली. युद्ध आणि परकीय आक्रमण. त्यापाठोपाठ अणुइंधनाचा किरणोत्सर्ग आणि स्फोटक अण्विक साधनांमुळे होणारे नुकसान. या नुकसानीची भरपाई मिळणार नाही.

जोखीम पत्करणे हाच विमा कंपनीचा धंदा. पुराची, दंगलीचीही किंमत ती ठरवते आणि हप्ता मागते. परंतु या एका आगीची किंमत तिला ठरवता येत नाही, म्हणून कितीही हप्ता दिला तरी ती जोखीम सर्वसाधारण पॉलिसीत घेतली जात नाही. डॉक्टर सांगतात, उपचार नाही; विमा कंपनी सांगते, भरपाई नाही. व्यापारी माणसाला दुसरे वाक्य पहिल्याहून लवकर पटते. ज्या जोखमीचा विमा उतरत नाही, ती टाळण्यावाचून गत्यंतर नसते. दादाजींनी त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि अर्जावर सही केली.

सहीबरोबर तीन अटी होत्या. कोणत्याही पक्षाचे नाव निघणार नाही. भाजलेल्या माणसांची चित्रे लहान मुलांसमोर दाखवली जाणार नाहीत. आणि ज्याचे मत वेगळे आहे, त्याला पूर्ण बोलू दिले जाईल.

६ ऑगस्टला साडेचार वाजता कार्यक्रम सुरू झाला आणि साडेसहाला संपला, जेणेकरून सर्वांना सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवता यावे. साठ-सत्तर माणसे आली होती. विद्यार्थ्यांनी माहिती सांगितली. जपानमधील वाचलेल्या वृद्धांच्या ज्या संघटनेला २०२४ चे नोबेल मिळाले, तिच्याविषयीही सांगितले. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठून म्हणाले, की शेजाऱ्याजवळ हे शस्त्र असताना आपल्याजवळ ते असल्यानेच मोठे युद्ध टळले आहे. सभेने ते शांतपणे ऐकले. मग त्यांनीच पुढे सांगितले, की पूर्वी ट्रेंचमध्ये रात्र काढताना सैनिकाला निदान घर सुरक्षित आहे एवढे समाधान असे. या शस्त्राने तेही नेले. एका तरुण व्यापाऱ्याने विचारले, आपण काय करू शकतो? त्याला एका विद्यार्थ्याने सांगितले, की परदेशात २०१२ पासून एक मोहीम, अण्वस्त्रे बनवणाऱ्या कंपन्यांत कोणत्या बँका पैसा गुंतवतात, याची यादी प्रसिद्ध करते आणि ठेवीदारांनी बँकेला प्रश्न विचारावा, असे सुचवते. त्यावर दादाजींनी श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रताची आठवण दिली. शस्त्र, विष, अग्नी ही हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजेच हिंसादान, त्यात वर्ज्य आहे. पूर्वजांनी नफा सोडून हे व्यापार टाळले. आपला पैसा कोठे जातो, हे विचारणे त्या व्रताचाच भाग आहे.

सभेत ठराव झाला नाही, मतभेदही मिटले नाहीत. पेढे वाटल्याचा पश्चात्ताप दादाजींना त्या दिवशीही झाला नाही. देश समर्थ असावा, असेच त्यांना आजही वाटते. फरक इतकाच पडला, की सामर्थ्याची आणि या शस्त्राची गाठ त्यांच्या मनात सैल झाली. क्षमावणीच्या दिवशी घरातील सर्वांची एकमेकांस क्षमा मागून झाली, तेव्हा ते नातीला म्हणाले, “बेटा, आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्यात सीमेपलीकडचेही येतात. इतकी वर्षे म्हणत आलो, अर्थ या वर्षी लागला.”

६ ऑगस्ट हा दिवस नेहमी चातुर्मासातच येतो. त्या दिवशी मोठे काही करावे असे नाही. सुज्ञ वाचकांनी आपल्या दुकानाची विमा पॉलिसी फाइलमधून काढावी, वगळलेल्या जोखमींचे पान शोधावे आणि घरातील शिकत्या मुला-मुलीकडून ते एकदा वाचून घ्यावे.